चेक

‘चेक’ हा शब्द मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. तो बँकेत चेक भरतो, एसटीत चेकर चढला की खिशात तिकीट शोधू लागतो, चेक्सचा शर्ट घालतो, डॉक्टरकडे चेकअपला जातो आणि सकाळी उठल्याबरोबर मेल चेक करतो. यांपैकी कोणत्याही वेळी आपण परकी भाषा बोलत आहोत असे त्याला वाटत नाही. पण हे सगळे एकाच शब्दाचे अर्थ आहेत, असेही वाटत नाही. बँकेतला कागद, तिकीट पाहणारा माणूस आणि कापडावरच्या चौकटी यांच्यात काही नाते असेल अशी शंका येण्याचे कारणच नसते.

‘इंग्रजी भाषेचा इतिहास’ ही अभ्यासपत्रिका शिकवताना मला दर वर्षी असा एखादा शब्द लागतो. कठीण शब्द या कामाला निरुपयोगी असतात. त्यांचा अर्थ एकच असतो आणि तो कोशात लिहून ठेवलेला असतो. जुन्या नाण्यासारखे हातोहात झिजलेले शब्द मात्र विद्यार्थ्याला विचारात पाडतात. पहिला प्रश्न असा, की हा अनेक अर्थांचा एक शब्द आहे की योगायोगाने सारखे ऐकू येणारे अनेक शब्द आहेत? इंग्रजीत ‘बॅट’ म्हणजे वटवाघूळ आणि ‘बॅट’ म्हणजे चेंडू टोलवायची फळी. हे दोन शब्द वेगवेगळ्या घरांतून आले आणि उच्चारापुरते एकत्र झाले. कोशकार त्यांना दोन नोंदी देतो. आपल्या परंपरेला हा प्रश्न तितकासा महत्त्वाचा वाटलेला दिसत नाही. अमरकोशाच्या तिसऱ्या कांडात नानार्थवर्ग आहे. तिथे ‘गो’ या एका शब्दाखाली गाय, स्वर्ग, बाण, वाणी, वज्र, दिशा, डोळा, किरण, भूमी, पाणी हे सारे दाटीवाटीने बसवले आहेत. ते तिथे कसे येऊन पोचले, हे सांगायला अमरसिंह थांबत नाही. पाठांतरासाठी रचलेल्या कोशाकडून ती अपेक्षाही नाही. इतिहास शिकवणाऱ्याला मात्र थांबावे लागते.

‘चेक’च्या बाबतीत उत्तर असे, की हा एकच शब्द आहे आणि तो मुळात एक हाक आहे. बुद्धिबळाच्या पटावर प्रतिपक्षाचा राजा माऱ्यात आला की मोठ्याने द्यायची हाक. इराणात हा खेळ हिंदुस्थानातून गेला. ‘चतुरंग’चे तिथे ‘चत्रंग’ झाले. राजा माऱ्यात सापडला की खेळणारा ‘शाह’ म्हणून इशारा देई. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकले, खेळ उचलला, त्याला ‘शत्रंज’ म्हटले, पण हाक फारसीतलीच ठेवली. अरबांबरोबर खेळ स्पेनमध्ये आणि सिसिलीत पोचला. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘शाह’चे ‘स्काकस’ झाले, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ आणि चौदाव्या शतकापासून इंग्रजीत ‘चेक’. या फ्रेंच शब्दाचे अनेकवचन इंग्रजांनी खेळाचे नाव म्हणून घेतले, तेच ‘चेस’. म्हणजे इंग्रजीत खेळाला चतुरंगावरून नाव मिळालेच नाही; ते राजावरून मिळाले. चतुरंग टिकला तो स्पॅनिश ‘अखेद्रेथ’मध्ये आणि पोर्तुगीज ‘शद्रेश’मध्ये.

एका वर्षी हे सांगताना मी फळ्यावर एकाखाली एक शब्द लिहीत होतो, आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा एकदम म्हणाला, “सर, म्हणजे शह?” तो मराठी माध्यमातून आलेला, इंग्रजीच्या वर्गात सहसा तोंड न उघडणारा. त्याच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा अविश्वास अधिक होता. घरी आजोबांबरोबर बुद्धिबळ खेळताना जो शब्द तो हजारदा बोलला होता, तो शब्द आणि ज्याचे स्पेलिंग चुकेल या धास्तीने तो दर वेळी थबकत असे तो शब्द, हे दोन्ही एकच. दोघांनी वेगवेगळी वाट धरली, एवढाच फरक. फारसीतून थेट दख्खनेत उतरला तो शह. बगदाद, कॉर्डोबा, पॅरिस, लंडन असा वळसा घालून, मग जहाजात बसून मुंबईला आला तो चेक. आपण दोघांनाही घरात घेतले आणि भावंडे म्हणून कधी ओळखले नाही.

इथे जरा सावध राहायला हवे. फारसी ‘शाह’ हे प्राचीन इराणी ‘ख्शायथिय’चे वंशज आहे. बेहिस्तूनच्या कड्यावर दारयवहुने स्वतःला हेच म्हणवले आहे. त्या शब्दाचा धातू आणि संस्कृतातल्या ‘क्षत्र’, ‘क्षत्रिय’ यांचा धातू एकच, सत्ता असणे या अर्थाचा. प्रांताचा रक्षक तो ‘क्षत्रप’, हा त्याच कुळातला शब्द. नाशिकच्या लेण्यांत नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचे लेख आहेत, आणि आमची वर्तमानपत्रे आजही निवडणुकीच्या दिवसांत ‘प्रादेशिक क्षत्रप’ लिहितात. हे सांगितले की वर्गात हमखास कोणीतरी म्हणते, “म्हणजे चेक हा मूळ संस्कृत शब्द!” तसे नाही. सख्ख्या बहिणीची मुलगी ही आपली मुलगी होत नाही. जुनी इराणी आणि संस्कृत या एका आईच्या लेकी. एकीचे धन दुसरीच्या नावावर लिहून घ्यायचे कारण नाही. शब्दांच्या साम्यावरून सारे जग आपल्यापासून सुरू झाले असे सिद्ध करणाऱ्या व्युत्पत्ती मराठीत पोत्यांनी मिळतात. त्या वाचताना मला व्युत्पत्तिशास्त्रापेक्षा माणसाच्या भुकेविषयी अधिक कळते.

नुसत्या नादसाम्याने फसगत कशी होते, याचे उत्तम उदाहरण याच शब्दाच्या अंगणात आहे. जुन्या व्यापारात ‘शाहजोग हुंडी’ असे. ती कोणा राजाच्या नावाची नसे. बाजारात पत असलेल्या प्रतिष्ठित सावकारालाच तिचे पैसे द्यावेत, असा तिचा अर्थ. हा ‘शाह’ आपल्या साधूपासून निघालेला: साधू, साहू, साह. ‘सावकार’ आणि ‘चोर तो चोर, वर साव’ मधला साव हे त्याचेच भाऊबंद. गुजराती ‘शहा’ हे आडनावही सामान्यतः तिकडचेच मानतात. ग्रँट डफने तर अशी आख्यायिका नोंदवली आहे, की शाहू छत्रपतींचे नाव औरंगजेबाने याच ‘साव’ अर्थाने ठेवले. बुद्धिबळातला शह आणि हुंडीतला शाह कानाला जुळे वाटतात, पण एकमेकांचे कोणी नव्हेत. शह आणि चेक यांचा चेहरा कुठे जुळत नाही, तरी रक्त एक. ‘चेकाळणे’ या आपल्या अस्सल क्रियापदाचाही या घराण्याशी काही संबंध नाही. नसलेलाच बरा, कारण चेकाळलेल्याला कसलाच चेक उरलेला नसतो.

मूळ हाकेकडे परत येऊ. बुद्धिबळात शहाचा नियम मोठा विलक्षण आहे. बाकी कोणत्याही मोहऱ्यावर हल्ला झाला तर खेळणारा दुर्लक्ष करू शकतो. वजीर गेला तर गेला म्हणून दुसरीकडे चाल करू शकतो. शह मिळाला तर मात्र पुढची चाल त्याचे उत्तरच असावी लागते. राजा हलवा, मध्ये मोहरा घाला किंवा शह देणारा मारा. तोवर पटावरचे बाकी सारे राजकारण थांबले. हाक प्याद्याने दिलेली असली तरी तेच. इंग्रजीतला ‘चेक’चा सगळा संसार या एका नियमातून उभा राहिला आहे, असे माझे मत आहे. हाकेपासून ‘अकस्मात थांबणे’, थांबण्यापासून ‘आवर घालणे, लगाम’, लगामापासून ‘कोणी गैर वागू नये म्हणून ठेवलेली व्यवस्था’, आणि तिथून ‘पडताळून पाहणे’. आपण ज्याला आज ‘चेक करणे’ म्हणतो तो सगळ्यांत सौम्य आणि सगळ्यांत उशिरा आलेल्या अर्थांपैकी एक आहे. एलिझाबेथच्या काळात ‘चेक’ म्हणजे खरडपट्टी असाही अर्थ होता. शेक्सपिअर वाचताना विद्यार्थी तिथे ‘तपासणे’ घालतात आणि वाक्य कोसळते.

पण नुसत्या हाकेने हिशेब तपासण्याचा अर्थ आला नसता. त्याला एक खोली लागली आणि त्या खोलीत एक टेबल लागले.

बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा खजिना ज्या टेबलावर मोजला जाई, त्याचे वर्णन दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने गुरुशिष्यसंवादाच्या रूपात लिहून ठेवले आहे. सुमारे दहा फूट लांब, पाच फूट रुंद टेबल. नाणी घरंगळू नयेत म्हणून कडेला चार बोटे उंचीची पट्टी. वर काळे कापड आणि त्यावर आखलेल्या रेषा. त्या चौकटींवर सोंगट्या मांडून हिशेब होई. पेन्स, शिलिंग, पौंड, मग वीस, शंभर, हजार असे एकेका ओळीचे मोल. रोमन अंकांत बेरीज-वजाबाकी लिहून करणे ही शिक्षाच होती; आणि लॅटिनचा गंध नसलेल्या अधिकाऱ्यालाही सोंगट्या दिसत होत्या. वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि सेंट मायकेलच्या सणाला, एकेका परगण्याचा शेरीफ येऊन या टेबलापुढे बसे. किती वसूल व्हायला हवे होते ते एका ओळीत, किती आणले ते खालच्या ओळीत, आणि मग सर्वांच्या डोळ्यांदेखत सोंगट्या उचलल्या जात.

टेबलाला नाव पडले ‘स्काकारियम’, म्हणजे बुद्धिबळाचा पट. इंग्रजी ‘एक्सचेकर’ ते हेच, आणि ब्रिटनचा अर्थमंत्री आजही या पटाचा चॅन्सेलर आहे. शिष्य विचारतो, असे नाव का? गुरू प्रथम सरळ उत्तर देतो की दिसायला तसे आहे. मग पुढे म्हणतो की पटावर जशी दोन राजांची लढाई होते तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांची होते आणि बाकीचे बसून बघतात. मला या गुरूचे कौतुक वाटते. हिशेबनिसाच्या पुस्तकात त्याने अलंकार घातला, आणि तो अलंकार नसून वस्तुस्थिती होती. शेरीफ आपापल्या परगण्यात राजासारखाच वागे. या टेबलापुढे आल्यावर मात्र त्याला पुढची चाल उत्तराचीच करावी लागे.

चौकटींचे कापड ते ‘चेक्स’, हा अर्थ इथूनच, पटाच्या बाजूने आला. इंग्रजीत चढउतारांनी भरलेल्या आयुष्यालाही चौकटींचे आयुष्य म्हणतात: एक घर काळे, एक पांढरे. आपल्याकडे त्या कापडाला चौकड्यांचे कापड म्हणायचे. ‘चेक्स’ने तो शब्द मागे सारला.

त्याच खजिन्यात पावती म्हणून लाकडी काठ्या चालत. काठीवर रकमेच्या खाचा पाडायच्या, मग ती उभी चिरायची. एक भाग पैसे भरणाऱ्याकडे, दुसरा खजिन्यात. वाद झाला की दोन्ही भाग जोडून बघायचे. खाचा जुळल्या तर खरे. ही पद्धत एकोणिसाव्या शतकात, १८२६ साली, अखेरची बंद झाली. साठलेल्या काठ्या १६ ऑक्टोबर १८३४ रोजी लॉर्डांच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या आणि त्या आगीत संसदेची इमारत खाक झाली. डिकन्सने पुढे एका भाषणात या प्रकाराची यथेच्छ टवाळी केली. काठी गेली तरी जुळवून पाहण्याची कल्पना गेली नाही. अठराव्या शतकात हुंडीच्या किंवा पावतीच्या मागे ठेवलेल्या स्थळप्रतीला ‘चेक’ म्हणत, कारण तिच्यामुळे अफरातफरीला आळा बसे. मग स्थळप्रतीचे नाव मूळ कागदालाच चिकटले, आणि तो आपला बँकेतला चेक. त्याचे ब्रिटिश स्पेलिंग वेगळे करण्याचे समर्थन बँकव्यवहारावर लिहिणाऱ्या गिलबर्टने १८२८ साली केले: संदिग्धता टळते आणि ‘एक्सचेकर’शी मेळ बसतो. अमेरिकनांनी संदिग्धता राहू दिली. हॉटेलचे बिल, बँकेचा चेक आणि यादीतली बरोबरची खूण यांना ते एकच स्पेलिंग वापरतात आणि त्यांचे काही अडत नाही.

बँकेतल्या चेकचा एक दुसरा वंशवृक्षही पुष्कळ पुस्तकांत सापडतो. अरबीत ‘सक्क’ म्हणजे देण्याचा लेखी कागद. दहाव्या शतकातला प्रवासी इब्न हौकल याने सहाराच्या दक्षिण टोकाला, औदगोस्त इथे, बेचाळीस हजार दिनारांचा सक्क पाहिल्याचे लिहिले आहे. नाद जवळचा, अर्थ तोच. मोह पडावा असेच आहे. पण सक्कपासून इंग्रजीपर्यंतच्या मधल्या पायऱ्या दिसत नाहीत, आणि ‘चेक’च्या मात्र एकेक करून दिसतात. गंमत म्हणजे या वादात कोणीही जिंकले तरी शब्द पश्चिम आशियातूनच येतो.

माझे वडील एका सहकारी बँकेत कारकून होते, आणि माझ्या कानावर हा शब्द पहिल्यांदा पडला तो त्यांच्या तोंडून, ‘चेक चेक केला’ या जोडीने. तारीख पाहायची, अंकी रक्कम आणि अक्षरी रक्कम जुळते का ते पाहायचे, मग कपाटातून नमुना सहीचे कार्ड काढून दोन सह्या शेजारी शेजारी धरायच्या. आता हे कळते की ते काठीचे दोन भाग जोडून पाहणेच होते. संध्याकाळी शेजारच्या काकांशी बुद्धिबळ खेळताना ते ‘शह’ म्हणत. ‘चेक’ असे त्यांनी पटावर कधी म्हटले नाही, आणि बँकेत कधी ‘शह’ म्हणण्याची वेळ आली नाही. दोन शब्दांच्या हद्दी इतक्या स्वच्छ होत्या.

मराठीने शह लढाईतच ठेवला. शह, काटशह, शह-प्रतिशह. आपली इतिहासाची पुस्तके जंजिऱ्याच्या सिद्दीला शह देण्यासाठी शिवाजीमहाराजांनी पद्मदुर्ग बांधला असे लिहितात. ज्या महाराजांच्या आज्ञेने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश रचला गेला, त्यांच्या पराक्रमाचे वर्णन आपण या फारसी शब्दाशिवाय करू शकत नाही, यात मला विसंगती दिसत नाही. कोश दरबारासाठी होता. शह तोवर दरबारातून निसटून ओसरीवर येऊन बसला होता. हिंदीने तर त्याच शब्दाला उलटे फिरवले. ‘किसी की शह पर’ म्हणजे कोणाच्या तरी फुशीने, चिथावणीने. हिंदी कादंबरीचा अनुवाद करताना तिथे ‘शह’ तसाच ठेवणारे अनुवादक मी पाहिले आहेत. पाठीराखा क्षणात शत्रू होऊन जातो. ‘मात’चेही असेच. अरबी अर्थाने ‘शाह मात’ म्हणजे राजा मेला असे सांगतात. पण पटावरचा राजा कधीच मारला जात नाही, आणि फारसीत ‘मात’ म्हणजे निरुपाय झालेला, थक्क होऊन उभा राहिलेला. तोच अर्थ मला पटतो. आम्ही मात्र रोज परिस्थितीवर मात करतो. (संतांच्या अभंगातली ‘मात’ म्हणजे गोष्ट, वार्ता, ती वेगळी.)

शहाला हिशेबाच्या खोलीत आपण कधी नेले नाही, कारण त्या खोलीत आपले शब्द आधीच बसलेले होते. पेशवाई कागदांत हिशेबाची ‘झडती’ आहे, आणि झडतीचा आजचा अर्थ अंग चाचपून तपासणे असा आहे. म्हणजे ‘चेक’ जी वाट चालला तिचाच एक तुकडा झडतीही चालली. ‘जाब’ आहे, तो अरबी ‘जवाब’मधून आलेला. म्हणून इंग्रजीत उत्तरदायित्वाची कल्पना रुजली आणि मराठीत रुजली नाही, असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी माझे जमत नाही. शब्दाचा अर्थ भाषेच्या स्वभावावर ठरत नाही. तो कोणत्या टेबलावर, कोणाच्या समोर उच्चारला जातो त्यावर ठरतो.

काही वर्षांपूर्वी परिभाषेच्या एका बैठकीत मी बसलो होतो. ‘चेक’ नको, ‘धनादेश’ हवा, असा आग्रह होता. धनादेश वाईट शब्द नाही. तो छापखान्यात रुळला आहे. आक्षेपाचे कारण मात्र ‘परकीय शब्द’ असे लिहिले गेले, आणि त्याच इतिवृत्तात खाली विरोधकांना ‘शह’ देण्याचा उल्लेख होता. मी ते दाखवले तेव्हा एक ज्येष्ठ सदस्य हसून म्हणाले, “अहो, शह आपलाच झालाय.” बरोबर आहे. प्रश्न तेवढाच होता, की आपला व्हायला किती वर्षे लागतात आणि ती कोणी मोजायची. माधव जूलियनांचा फार्शी-मराठी कोश १९२५ साली निघाला. फारसीवर एवढे प्रेम केलेल्या या कवीने पुढे भाषाशुद्धीची बाजू घेतली. हा बदल मला खिल्ली उडवण्याजोगा कधी वाटला नाही. एखाद्या भाषेतले उसने ज्याला सर्वांत नेमके दिसते, त्याला ते टोचतही असेल. पण त्यांच्या कोशाने माझ्यावर जो परिणाम केला तो नेमका उलटा आहे. तो चाळला की मराठीतून फारसी काढायची म्हणजे काय काय काढावे लागेल ते कळते, आणि उरलेल्या भाषेत घरभाडेही मागता येणार नाही अशी भीती वाटते.

तासिका तत्त्वावर शिकवत होतो त्या दिवसांतली एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. एका संस्थेने सहा महिन्यांच्या मानधनाचा चेक दिला आणि तो परत आला. बरोबर छापील चिठ्ठी: खात्यात पुरेशी शिल्लक नाही. मराठीत त्याला ‘न वटणे’ म्हणतात, हुंडीच्या काळातला शब्द. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात १९८८ च्या दुरुस्तीने कलम १३८ आले आणि चेक न वटणे हा फौजदारी गुन्हा झाला. २००२ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आधी नोटीस द्यायची, मग पंधरा दिवस वाट पाहायची. वकील मित्राने नोटिशीचा मसुदा लिहूनही दिला. तो मी पाठवला नाही. पुढच्या वर्षीचे तास द्यायचे की नाही हे त्याच संस्थेच्या हाती होते, आणि माझ्यासारखे आणखी अकरा जण त्याच रांगेत होते. वडिलांना हे सांगितले तेव्हा त्यांनी चिठ्ठी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, “सही जुळतेय.” पैसे पुढे दिवाळीनंतर, रोख, दोन हप्त्यांत मिळाले. पटावर प्यादेही राजाला शह देऊ शकते आणि राजाला उत्तर द्यावेच लागते, हा नियम खेळाबाहेर आपोआप लागू होत नाही. फिट्झनीलच्या टेबलाभोवती बसून बघणारे लोक होते, म्हणून तिथे तो लागू होत असे. घटनाशास्त्राच्या पुस्तकांत सत्तेवरच्या ज्या ‘चेक्स’विषयी आपण वाचतो, त्यांचे मराठी ‘नियंत्रण’ असे करतात. मला तिथे ‘शह’ अधिक आवडला असता. नियंत्रण वरून खाली येते. शह खालूनही देता येतो.

हा शब्द सध्या माझ्या मागे लागला आहे तो वेगळ्याच कारणाने. ‘ट्वेल्फ्थ नाइट’च्या तिसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात व्हायोला विदूषकाविषयी बोलते. शहाण्यासारखे मूर्खपण करायला केवढी समज लागते, असा तिचा विषय. तिथे ती रानातून धरलेल्या बहिरी ससाण्याची उपमा देते आणि क्रियापद वापरते ‘चेक’. शिकारी लोकांच्या भाषेत हा खास अर्थ: ससाण्याने नेमून दिलेले सावज सोडायचे आणि वाटेत आलेल्या दुसऱ्याच पाखरामागे वळायचे. फोलिओच्या पाठाप्रमाणे चांगल्या विदूषकाने असेच करायला हवे, समोर येईल त्या प्रत्येक पिसावर झडप घालायला हवी. सॅम्युअल जॉन्सनला ते खटकले. त्याने सुचवले की तिथे एक नकार असावा: रानटी ससाण्यासारखे भलत्या पिसामागे जाऊ नये. एका अक्षरी शब्दाने विदूषकाची व्याख्या उलटते, आणि दोन्ही बाजूंचे संपादक आजही आहेत.

मी या प्रवेशाचे मराठी करतो आहे. पहिल्या खर्ड्यात ‘भरकटणे’ लिहिले होते. पण भरकटण्यात दोष आधीच धरलेला असतो, म्हणजे ते जॉन्सनच्या पाठालाच शोभेल. ‘झेपावणे’ घेतले तर फोलिओ सांभाळला जातो, पण ठरलेले सावज सोडल्याची बाब निसटते. शेवटी मी फोलिओ धरला आणि ‘मोहरा वळवणे’ असे लिहिले: दिसेल त्या पिसावर मोहरा वळवतो. मोहराही फारसीच, आणि पटावरचाही. समासात त्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केले आहे.